गादी आणि कारभार

धर्मसंस्थेचा प्रमुख म्हटले की पीठावरचे शंकराचार्य, मठातले महंत, दर्ग्याचे सज्जादानशीन किंवा आश्रमातले महाराज डोळ्यांपुढे येतात. समाजावर प्रभाव पडतो तो त्यांच्या वाणीचा, तपाचा आणि त्यांनी दिलेल्या अनुग्रहाचा, असे आपण धरून चालतो. बुलढाणा जिल्ह्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. या जिल्ह्यातल्या सर्वांत प्रभावी धर्मसंस्थेचा प्रमुख ना संन्यासी होता, ना कीर्तनकार, ना कोणाचा गुरू. तो डोक्यावर टोपी घालणारा, शेती असलेला, प्रपंचात राहिलेला एक विश्वस्त होता. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने गुरूची गादी पुढे चालवली नाही आणि कारभाराची जागा मात्र कधी ढिली पडू दिली नाही. संस्थानाचा समाजावरचा प्रभाव या एका निर्णयातून वाढत गेला, असे माझे मत आहे. धर्माच्या नावाने गोळा होणारा विश्वास आणि पैसा कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाला वऱ्हाडातल्या एका गावाने दिलेले हे उत्तर आहे. त्याच्या मर्यादांसह ते नीट समजून घ्यायला हवे.

शेगावच्या आधी या जिल्ह्यात धर्मप्रमुखपणाचे निदान तीन नमुने होऊन गेले होते. पहिला शिष्यपरंपरेचा. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी लोणारला आले होते आणि तिथे यादव राजा कान्हरदेव त्यांना भेटला, अशी नोंद लीळाचरित्रात आहे. चक्रधरांच्या मागे महानुभाव पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे गेली. पुढे पंथात आम्नाय (उपशाखा) झाले आणि प्रत्येक आम्नायाला महंत आला. दुसरा नमुना राजघराण्याचा. देऊळगाव राजाच्या बालाजी संस्थानाचा पाया सिंदखेडच्या जाधवांच्या वंशातल्या राजे जगदेवराव जाधवांनी घातला. उंच लाकडी लाठा उभारून मंडप घालण्याचा तिथला उत्सव आजही भरतो आणि संस्थानाचे विश्वस्तपदही त्याच घराण्यात वंशपरंपरेने चालत आले आहे. तिसरा नमुना सेवेकरी घराण्याचा. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीला यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, त्यानंतर संदल निघतो. तिथे हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांची गर्दी असते आणि मान मुजावरांकडे असतो. प्रमुखपणाचा अधिकार एका ठिकाणी दीक्षेतून आला, दुसरीकडे सत्तेतून, तिसरीकडे जन्मातून. भक्तांनी प्रमुखाला हिशेब विचारावा, अशी सोय यांपैकी एकाही व्यवस्थेच्या मुळात नव्हती.

२३ फेब्रुवारी १८७८ हा गजानन महाराजांचा शेगावातला प्रकटदिन मानला जातो. त्या वेळचे शेगाव कसे होते, हे पाहिले तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. मुंबई-नागपूर रेल्वे शेगाववरून जात होती. १८७० मध्ये खामगावचा कापूस बाजार जालंबहून काढलेल्या फाट्याने त्या रेल्वेला जोडला गेला होता. कापसाच्या पैशाने व्यापारी उभे राहत होते, गावावर पाटलांचे वजन होते आणि देशमुखांशी त्यांची चुरस होती. महाराजांना प्रथम घरी नेणारे बंकटलाल अगरवाल हे व्यापारी घरातले होते. पुढे महाराजांभोवती जमले ते गावचे पाटील. दासगणूंच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथात या पाटलांचे चित्र अजिबात गुळगुळीत केलेले नाही. आरंभी त्यांच्या घरातल्या तरुणांनी महाराजांना त्रास दिला, उसाने मारले, हरी पाटील त्यांच्याशी कुस्तीला उभे राहिले, हे सगळे त्यात आहे. खंडू पाटलांनी एका महाराला मारहाण केल्यावरून झालेला खटला आणि त्यामागचे पाटील-देशमुखांचे वैरही त्यात आहे. संस्थान कोणत्या मातीतून उगवले, ते इथे दिसते. गावातली सत्ता ज्यांच्याकडे होती, तीच माणसे एका अवलियाच्या पायाशी आली. मात्र येताना आपली सत्ता त्यांनी बाहेर ठेवून दिली नव्हती.

१९०८ मध्ये, महाराजांच्या हयातीतच, संस्थानाचे विश्वस्त मंडळ स्थापन झाले. सरकारकडे जागेसाठी अर्ज करणे, मिळालेल्या एक एकर जमिनीवर बांधकाम सुरू करणे, वर्गणी गोळा करणे ही कामे हरी पाटलांसारख्या गृहस्थांनी अंगावर घेतली. ८ सप्टेंबर १९१० रोजी महाराजांनी समाधी घेतली, तेव्हा पंथ नव्हता, दीक्षाविधी नव्हता आणि नेमलेला उत्तराधिकारी नव्हता. व्यवस्था मात्र उभी राहिली होती. तरीही गादीचा मोह लगेच सुटला, असे म्हणता येत नाही. समाधीनंतर काही काळ महाराजांचे सेवक बाळाभाऊ गादीवर होते. त्यांच्यामागे नांदुऱ्याचे नारायण आले आणि तेही निवर्तले. त्यानंतर ही मालिका पुढे चालली नाही. इतर अनेक ठिकाणी अशा वेळी कोणीतरी नवा महाराज पुढे येतो, साक्षात्काराचा दावा करतो, भक्तांचे दोन गट होतात आणि प्रकरण कोर्टात जाते. शेगावात तसे झाले नाही, याचे एक कारण असे की तोवर पैसा आणि जागा एका व्यक्तीच्या नावावर राहिली नव्हती. ज्याने गादी घ्यावी त्याच्या हाती तिजोरी येणार नव्हती, म्हणून गादीसाठी भांडणेही उरली नाहीत.

गुरूची उणीव मग कशाने भरून निघाली? उत्तर एका पुस्तकात आहे. १९३९ मध्ये दासगणूंनी शेगावी 'श्रीगजानन विजय' हा २१ अध्यायांचा आणि ३६६९ ओव्यांचा ग्रंथ पूर्ण केला. संस्थानातल्या रामचंद्र पाटलांच्या आग्रहावरून आणि जमवलेल्या कागदपत्रांच्या आधारे तो लिहिला गेला. घराघरांत त्याचे पारायण सुरू झाले. एका बैठकीत, तीन दिवसांत, सप्ताहात, ज्याला जसे जमेल तसे लोक तो वाचू लागले. पारायणाला मध्यस्थ लागत नाही. वाचता येणारी कोणतीही बाई आपल्या देवघरापुढे बसून ते करू शकते आणि पुणे-मुंबईपासून परदेशापर्यंत हजारो घरांत ते होते. त्यामुळे भक्त आणि महाराज यांच्यामध्ये उभा राहील असा कोणी प्रमुख उरला नाही. प्रमुखाकडे राहिली ती फक्त व्यवस्था: रांग, स्वयंपाक, निवास, हिशेब. मार्गदर्शन ग्रंथाकडे आणि कारभार विश्वस्तांकडे, अशी वाटणी झाल्यामुळे कारभाऱ्याचे मोल त्याच्या कामावरून ठरू लागले. चमत्काराच्या आड लपायला त्याला जागाच राहिली नाही.

सुरुवातीला ज्या विश्वस्ताचा उल्लेख केला, त्या शिवशंकरभाऊ पाटलांचे कर्तृत्व या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. १९४० मध्ये जन्मलेले भाऊ विशीतच, १९६२ मध्ये, विश्वस्त झाले. पुढे अनेक दशके संस्थानाची सूत्रे त्यांनी सांभाळली आणि ४ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी प्रवचने केली नाहीत, अनुग्रह दिला नाही, कोणाला पायावर डोके ठेवू दिले नाही. संस्थानाचा चहासुद्धा ते घेत नसत, असे शेगावात सगळे सांगतात. त्यांनी उभी केलेली मोठी गोष्ट म्हणजे सेवाधारी. पांढऱ्या कपड्यातला, टोपी घातलेला हा माणसांचा ताफा मंदिरात पावलोपावली भेटतो. बहुतेक जण आसपासच्या तालुक्यांतले शेतकरी, नोकरदार, लहान दुकानदार असतात. आपल्या पाळीला ते घरून येतात, ठरलेले दिवस काम करतात आणि परत जातात. कोणी चपला सांभाळतो, कोणी फरशी पुसतो, कोणी महाप्रसादाची ताटे धुतो, कोणी रांगेच्या वळणावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला 'माउली' म्हणत हात जोडून पुढची वाट दाखवतो. या कामाचा पगार नाही. तरीही सेवेची पाळी मिळावी म्हणून लोकांना थांबावे लागते. आपल्या गावात स्वतःच्या ओसरीला कधी झाडू न लावलेला माणूस इथे अनोळखी लोकांच्या पायाखालची धूळ काढतो. गावच्या उतरंडीत ज्या कामाला कमीपणा चिकटला होता, तेच काम इथे मानाचे झाले. शंभर प्रवचनांनी साधला नसता असा बदल या झाडूने निदान त्या आवारापुरता साधला आहे.

या शिस्तीवर संस्थानाची इतर कामे उभी राहिली. १९८३ मध्ये शेगावात अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. मुंबई-पुण्याची वाट परवडत नाही अशा वऱ्हाडी घरांतल्या मुलांना त्याने जवळच दार उघडून दिले. ॲलोपॅथी, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे दवाखाने, सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांत जाणारी फिरती पथके, मतिमंद मुलांची शाळा, वारकरी शिक्षण संस्था आणि पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर इथल्या शाखा हा सगळा पसारा त्याच कारभारातून वाढला. मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो तो एक साधा उपक्रम. खेड्यापाड्यांतल्या भजनी मंडळांना संस्थान टाळ, मृदंग, वीणा आणि ज्ञानेश्वरी-गाथेच्या प्रती देत आले आहे. ज्या गावात मोठा धर्मप्रमुख कधी फिरकणार नाही, तिथल्या मारुतीच्या पारावर संध्याकाळी दहा माणसे एकत्र बसतात, त्याला हे साहित्य निमित्त होते. आषाढीला शेगावहून पायी निघणारी पालखी शेकडो मैल चालत पंढरपूरला जाते, तेव्हा वाटेवरची हीच गावे तिला जेवू घालतात. संस्थेने गावाला द्यायचे आणि गावाने वारीला, असे हे देणेघेणे आहे. ते एका माणसाच्या लोकप्रियतेवर अवलंबून नाही, म्हणून इतकी वर्षे टिकले.

याच जिल्ह्यात याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे उदाहरण मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाचे आहे. शुकदास महाराजांनी १९६५ मध्ये तिथे विवेकानंद आश्रम स्थापन केला. एका आडबाजूच्या खेड्यात शाळा, महाविद्यालये, रुग्णसेवा उभी राहिली आणि विवेकानंद जयंतीचा उत्सव साऱ्या विदर्भ-मराठवाड्यात गाजू लागला. त्या दिवशी मोकळ्या रानात लोक ओळीने जमिनीवर बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी भरलेले ट्रॅक्टर ओळींमधून फिरतात आणि जात, गाव, हुद्दा न विचारता लाखभर माणूस एका पंगतीला जेवून उठतो. हे काम खोटे म्हणण्याची माझी तयारी नाही. पण इथे गुरू आणि कारभारी ही एकच व्यक्ती होती. ४ एप्रिल २०१७ रोजी शुकदास महाराज गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात ९१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी हिवरा आश्रमाची निवड झाली. श्याम मानव यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने महाराजांवर आक्षेप घेत तिला विरोध केला. वाद पेटला, आश्रमाने यजमानपद सोडले आणि संमेलन पुढच्या वर्षी बडोद्याला भरले. आक्षेप बरोबर की चूक, हा इथे माझा विषय नाही. संस्था आणि संस्थापक एकरूप झाले की संस्थापकावरच्या प्रत्येक प्रश्नाचा घाव संस्थेच्या शाळेवर, दवाखान्यावर आणि पंगतीवरही पडतो, हे मात्र त्या घटनेतून स्पष्ट दिसते. जिल्ह्याला संमेलन मिळण्याची संधी आली आणि हातची गेली, ती या गुंत्यामुळे.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. शेगावात महाराजाची गादी नसेल, पण पाटलांची गादी आहेच की! शिवशंकरभाऊंच्या आधीही पाटील होते आणि नंतरही त्यांच्याच घरातले लोक कारभारात आहेत. देऊळगाव राजाचे जाधव आणि शेगावचे पाटील यांत मग फरक काय? फरक आहे आणि तो पंढरपूरकडे पाहिले की कळतो. तिथे बडवे आणि उत्पात यांचा हक्क नुसता व्यवस्थेवर नव्हता, देवापुढे येणाऱ्या उत्पन्नावर होता. तो मोडण्यासाठी १९७३ मध्ये कायदा करावा लागला आणि सर्वोच्च न्यायालयात शेवटचा निकाल लागायला २०१४ उजाडले. शिर्डीत घराण्याचा प्रश्न नव्हता. तरीही कारभार सरकारने नेमलेल्या मंडळाकडे गेला, २००४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि त्या मंडळावरच्या नेमणुका हा राजकीय पक्षांच्या वाटाघाटींचा विषय बनला. शेगावच्या विश्वस्ताला उत्पन्नात वाटा नाही आणि त्याची नेमणूक मंत्रालयातून होत नाही. संस्थान सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आहे. घराणे तेच राहिले, पण घराण्याकडे मालकी राहिली नाही. हा फरक छोटा नाही. तरी आक्षेप पुरता खोडून निघत नाही, हेही मान्य केले पाहिजे. भाऊंच्या निःस्पृहतेने जो विश्वास कमावला, तो रक्ताच्या नात्याने पुढे जात नाही. एका घरात तीन पिढ्या सेवाभावी निघाल्या, यावरून चौथीही निघेल असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत बुलढाणा होता. ज्या जिल्ह्यात कर्जापायी शेतकरी गळफास घेतो, तिथे संगमरवरी मंदिर आणि संस्थानाचे शेकडो एकरांचे आनंदसागर उद्यान कशाला, असे लोक विचारतात. या प्रश्नामागची तळमळ खरी आहे. पण कापसाचा भाव, सिंचनाचा अनुशेष आणि बँकेचे कर्ज हे प्रश्न धर्मसंस्थेने सोडवावेत, असे म्हणणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे होय. दानाच्या पैशाने दवाखाना चालतो, हमीभाव ठरत नाही. धर्मसंस्थेला विचारायला हवे ते दुसरेच. दानपेटीतला रुपया त्याच मुलखातल्या माणसाकडे परत जातो का, की बांधकामातच अडकतो? अडचणीतला शेतकरी तिथे आला तर त्याला दैववाद ऐकवला जातो, की काम, उपचार आणि मुलाचे शिक्षण मिळते? या कसोटीवर शेगावची बाजू वजनदार आहे, कारण स्वस्त निवास, मोफत जेवण, दवाखाने आणि शाळा रोज डोळ्यांसमोर चालू आहेत. बागबगीच्यांबद्दलचा प्रश्न मात्र लोकांनी विचारत राहावा. तो विचारला गेला तरच कारभारी जागा राहतो.

तिसरा आक्षेप कारभारात कोण आहे, याचा. सेवा करायला सर्व जातींची माणसे आणि निर्णय घ्यायला मोजक्या घरांतले पुरुष, ही आपल्या बहुतेक धर्मसंस्थांची रीत आहे. या जिल्ह्यातल्या दलित समाजाच्या मोठ्या भागाने १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागे बौद्ध धम्म स्वीकारला, तो केवळ देवळात प्रवेश नव्हता म्हणून नव्हे. देवळाच्या निर्णयात आपल्याला जागाच नाही, हेही त्यांनी ओळखले होते. १२ जानेवारी २००५ रोजी सिंदखेड राजाला, जिजाऊंच्या जन्मगावी, मराठा सेवा संघाच्या पुढाकाराने शिवधर्माची घोषणा झाली. तिच्यामागेही पुरोहिताचा अधिकार नाकारण्याची हीच प्रेरणा होती. आणि याच वऱ्हाडाने गाडगेबाबांसारखा माणूस दिला. आयुष्यभर त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. उभारलेली वास्तू ज्याला तिची गरज आहे त्याच्या स्वाधीन करणे, ही विश्वस्तपणाची सर्वांत वरची पायरी होय. पाटलकीचे विश्वस्तपद झाले, तेव्हा शेगावने त्या वाटेवर मोठे पाऊल टाकले. ज्या हातांनी फरशी पुसली त्या हातांना निर्णयाच्या कागदावर सही करता येणे, स्त्रियांना आणि आजवर बाहेर राहिलेल्या समाजांना मंडळात जागा मिळणे, हे पुढचे पाऊल अजून बाकी आहे.

म्हणून शेगावचा धडा एका सत्पुरुषाच्या चरित्रात शोधणे मला अपुरे वाटते. भाऊ थोर होतेच. पण त्यांच्या थोरपणाला वाट मिळाली ती त्यांच्या आधी पन्नास वर्षे रचल्या गेलेल्या व्यवस्थेमुळे. गुरूच्या नावावर मालमत्ता राहू दिली नाही, गादीची मालिका थांबू दिली, मार्गदर्शन ग्रंथावर सोपवले आणि कारभार लोकांच्या नजरेसमोर ठेवला, या चार गोष्टींनी तो पाया घातला होता. आज महाराष्ट्रात नवे बाबा आणि नवे आश्रम उगवत आहेत. त्यांच्या प्रमुखांचा प्रभाव अनुयायांच्या गर्दीवरून मोजला जातो. बुलढाण्याचा अनुभव सांगतो की तो दुसऱ्या मापाने मोजावा: प्रमुख उद्या नसला, तर दवाखाना उघडेल का, चूल पेटेल का, हिशेब जुळेल का? ज्या संस्थेला या प्रश्नांना हो म्हणता येते, तिच्या प्रमुखाने समाजाला खरोखर काही दिले. शेगावने आजवर हो म्हटले आहे. यापुढेही म्हणायचे असेल, तर एका माणसाच्या स्वभावात असलेला संयम आता नियमांत उतरला पाहिजे: ठरावीक मुदतीचे विश्वस्त, घराण्याबाहेरची माणसे, सर्वांना वाचता येईल असा जमाखर्च. महाराजांची गादी न चालवण्याचे धैर्य ज्या गावाने दाखवले, त्याला विश्वस्ताचे पदही कोणा एका घराचे राहू न देण्याचे धैर्य अवघड नाही.